कारवानी कुत्र्याची निगा

मराठवाड्यात कारवानी कुत्रा पुष्कळांनी पाहिला असेल. लांब तोंड, बारीक कंबर, वाऱ्यासारखी धाव! त्याच्या पिल्लांना चांगली किंमत येते. पण लोभ केला, की जात बिघडते.

कुत्री पहिल्याच माजावर लावू नये. तिचे अंग भरलेले नसते. दोन वर्षांची होऊ द्यावी. एकदा व्याली, की पुढचा माज चुकवावा. एकाच आईच्या नर-मादीचा जोडा लावू नये. पिल्ले दुबळी निपजतात.

पिल्लू आठ आठवडे आईपाशी ठेवावे. तिसरा महिना भरला, की पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून घ्यावी. पुढे दरसाल टोचावी. हा रोग माणसात उमटला, तर माणूस दगावतो.

आणि पिल्लू कुणाला द्यावे? जो त्याला जन्मभर भाकरी घालील, त्यालाच. नाही तर हौस फिटली, की ते रस्त्यावर येते.