माझ्या बहिणीचे पासबुक



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला 'बचत' हा विषय दिला. मी आधी पाच ओळी लिहून नेल्या. बचत करावी. बचत चांगली सवय आहे. मुंगीसुद्धा बचत करते. अशा त्या ओळी होत्या. गुरुजी म्हणाले, "हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या घरी काय झालं ते लिही. आणि पोस्टात जाऊन नीट विचारून ये." म्हणून मी हा लेख लिहिला आहे. नियम पोस्टमास्तर काकांना विचारले आणि गणिते गुरुजींनी तपासून दिली.

मातीचा गल्ला

माझी लहान बहीण दोन वर्षांची आहे. ती झाली तेव्हा बघायला येणारे पाहुणे तिच्या हातात दहा-वीस रुपये ठेवायचे. बाबांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून मातीचा गल्ला आणला. ते पैसे आम्ही त्यात टाकले. मीसुद्धा मामाने दिलेले पैसे त्यात टाकायची. आई म्हणायची, "हे पोरीच्या शिक्षणाचे." मी रोज गल्ला हलवून आवाज ऐकायची.

नंतर जून महिना आला. कापसाचे बियाणे आणायचे होते. खताला पैसे कमी पडत होते. बाबांनी तीन दिवस वाट पाहिली, मग गल्ला फोडला. त्यात ४३५ रुपये निघाले. ते खताला लागले. बाबा कोणाशी काही बोलले नाहीत. मला रडू आले, पण बाबांचीही चूक नव्हती. खत नसते टाकले तर पीक आले नसते. आजी म्हणाली, "पोरी, हातमा पैसा टिकत नही."

मग आम्ही दुसरा गल्ला आणला. तो दिवाळीनंतर फोडला. तेव्हा आजीला दवाखान्यात न्यायचे होते.

जून महिन्यात दोन खर्च

आमच्या शेजारी एक ताई राहते. ती दहावी पास झाली. चांगले मार्क होते. तिला अकरावीसाठी नंदुरबारला जायचे होते. मुलींना एस.टी.चा पास बारावीपर्यंत फुकट मिळतो. पण प्रवेशाचे पैसे, पुस्तके, वह्या, दोन ड्रेस असे सगळे मिळून खर्च होता. प्रवेश जूनमध्येच होता आणि पेरणीही जूनमध्येच होती. तिचे बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ताई आईवडिलांबरोबर ऊस तोडायला गुजरातमध्ये गेली. आता ती शाळेचे नाव काढत नाही. मी अभ्यास करत बसले की माझी वही हातात घेऊन बघते.

मी गुरुजींना विचारले, "शिक्षण तर फुकट आहे ना?" गुरुजींनी सांगितले की शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. आपल्याला पुस्तके मिळतात, दुपारी जेवण मिळते. म्हणून आत्ता पैसे लागतात असे वाटत नाही. खरा खर्च नववी-दहावीनंतर सुरू होतो. पुढे फी माफ झाली तरी खोली, जेवण, येणे-जाणे, पुस्तके याला पैसे लागतातच.

शेतकऱ्याला आणि मजुराला जूनमध्ये शेताचा आणि शाळेचा खर्च एकदमच येतो. शेताचा थांबत नाही, म्हणून शाळेचा थांबतो. शाळेचे पैसे जूनच्या हाताला सहज लागणार नाहीत अशा जागी ठेवायला पाहिजेत. गल्ला तशी जागा नाही. तो फोडायला एक दगड पुरतो.

पोस्टात काय होते?

पोस्ट म्हणजे फक्त पत्रे नाहीत. भारतात पोस्टाची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. म्हणजे आपल्या आजीच्या आजीच्या काळापासून ती आहे.

लहान मुलींसाठी 'सुकन्या समृद्धी' नावाचे खाते आहे. ते २२ जानेवारी २०१५ रोजी हरियाणातील पानिपत येथे सुरू झाले. पूर्वी त्यात वर्षाला कमीत कमी १००० रुपये भरावे लागत. २०१८ पासून २५० रुपये भरले तरी चालते. २५० रुपये म्हणजे रोज एक रुपयापेक्षाही कमी.

पोस्टात ठेवलेल्या पैशाला व्याज मिळते. व्याज म्हणजे काय? आपली बैलजोडी दुसऱ्याने वापरली तर तो भाडे देतो. तसे आपले पैसे सरकारने वापरले की सरकार आपल्याला व्याज देते. सुकन्या खात्याचा दर १ जानेवारी २०२४ पासून शेकडा ८.२ असा ठरला. सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवते, म्हणून तो कमीजास्त होऊ शकतो.

गुरुजींनी फळ्यावर १०० रुपयांचे गणित करून दाखवले. दर ८.२ धरला.

सुरुवातीला : १०० रुपये
एक वर्षानंतर : १०८ रुपये २० पैसे
दोन वर्षांनंतर : ११७ रुपये ७ पैसे
तीन वर्षांनंतर : १२६ रुपये ६७ पैसे

पहिल्या वर्षी ८ रुपये २० पैसे वाढले. दुसऱ्या वर्षी ८ रुपये ८७ पैसे वाढले. मी विचारले, "गुरुजी, जास्त कसे?" कारण दुसऱ्या वर्षी १०० रुपयांवर नाही, तर १०८ रुपये २० पैशांवर व्याज मिळाले. व्याजालाही व्याज लागते. याला चक्रवाढ व्याज म्हणतात. गल्ल्यातले १०० रुपये मात्र तीन वर्षांनीही १००च राहतात. आणि तेही गल्ला फुटला नाही तर!

दर महिन्याला ५० रुपये भरले तर वर्षाचे ६०० होतात. या खात्यात १५ वर्षे पैसे भरायचे असतात. म्हणजे एकूण ९००० रुपये. खाते २१ वर्षांनी पूर्ण होते. दर तोच राहिला असे धरले तर तेव्हा २५ हजारांच्या वर रक्कम होते. पण आजीने एक गोष्ट सांगितली. तिच्या लहानपणी वही पैशात मिळायची, आता रुपयांत मिळते. तशी पुढेही महागाई होईल. म्हणून जमेल तेव्हा ५० पेक्षा जास्त टाकायचे, असे आम्ही ठरवले आहे.

मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी या खात्यातले अर्धे पैसे काढता येतात. मला हा नियम सगळ्यात आवडला. खताला ते पैसे काढता येत नाहीत.

माझे वीस दिवस

आईबाबांनी ठरवले की आम्हा दोघी बहिणींचे खाते काढायचे. एका घरात दोन मुलींचे खाते काढता येते. पण आमचे कागद तयार नव्हते. बहिणीच्या जन्माच्या दाखल्यावर तिचे नावच नव्हते. आम्ही बारसे उशिरा केले, आणि नंतर नाव घालायचे राहून गेले. ते घालून आणले. मग आईचे पॅन कार्ड नव्हते, ते काढले. यात दीड महिना गेला.

शेवटी आम्ही शेजारच्या गावी पोस्टात गेलो. पोस्टमास्तर काकांनी माझा दाखला बघितला आणि बोटे मोजली. म्हणाले, "हिचं नाही निघणार. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं काढावं लागतं." मला दहा वर्षे पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते.

मी काही बोलले नाही. बाहेर जाऊन ओट्यावर बसले. फक्त वीस दिवस! आम्हाला हा नियम आधी माहीत असता तर आम्ही कागदांसाठी घाई केली असती.

बहिणीचे खाते मात्र निघाले. आईने अर्जावर अंगठा दिला नाही, सही केली. ती सही मी तिला आठ दिवस पाटीवर शिकवली होती. सही करताना आईचा हात थरथरत होता, पण अक्षर चांगले आले. नवीन पासबुकावर बहिणीचे नाव छापलेले बघून आईने ते पदराने पुसले.

मग काकांनी मला आत बोलावले. ते म्हणाले, "तुझं ते खातं गेलं, पण दहा वर्षं झाल्यामुळे तुला दुसरी गोष्ट मिळाली. आता तू स्वतःच्या नावाचं खातं स्वतःच्या सहीने चालवू शकतेस." त्यांनी मला आवर्ती ठेव समजावून सांगितली. तिला सगळे आरडी म्हणतात. दर महिन्याला कमीत कमी १०० रुपये, असे पाच वर्षे भरायचे. ६० महिन्यांचे ६००० रुपये होतात. शेकडा ६.७ दर धरला तर पाच वर्षांनी ७१०० रुपयांच्या वर मिळतात. तेव्हा मी नववीत असेन. ते पैसे मी बचत खात्यात ठेवणार आणि अकरावीच्या प्रवेशाला काढणार. त्या जूनमध्ये बाबांना "पुढच्या वर्षी बघू" म्हणावे लागणार नाही.

पैसे कुठून येतात?

हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलांनी विचारला. आमच्या चार कोंबड्या आहेत. अंडी विकून आलेल्या पैशातले माझ्या आरडीला जातात. कोंबडी खुडूक बसली की अंडी बंद होतात, तेव्हा अडचण येते. थंडीत आई नंदुरबारला पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जाते. त्या मजुरीतले ५० रुपये ती महिन्याला बहिणीसाठी वेगळे काढते. चैत्रात आम्ही मामाच्या गावी धडगावकडे जातो. तिथे पहाटे उठून मोहाची फुले वेचतो. कैऱ्या चिरून आमचूर वाळवतो. त्याचे थोडे पैसे मामी मला देते. मीही शाळेबाहेरची पाच रुपयांची पुडी घेणे बंद केले आहे. पहिले दोन आठवडे अवघड गेले.

मूठभर धान्याची गोष्ट

गुरुजींनी कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला गरीब मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि जेवत. मुलांच्या जेवणासाठी घराघरातून मूठ मूठ धान्य जमा केले जाई. त्याला मुष्टिफंड म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांना जेवण मिळावे म्हणून स्वतःचे दागिने दिले. एका मुठीने घरात कमी पडत नाही, पण शंभर घरांच्या शंभर मुठी झाल्या की मुलांचे जेवण होते. आमची आजीही भाकरीचे पीठ घेताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते आणि अडचणीच्या दिवशी तो डबा काढते. मी तिला विचारले, "हे तुला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "दुष्काळाने."

लक्षात ठेवा

१) घरात दहा वर्षांच्या आतील मुलगी असेल तर आजच जन्माचा दाखला काढून बघा. त्यावर नाव आहे का, तारीख बरोबर आहे का ते वाचा.

२) आई किंवा वडिलांचे आधार कार्ड, पॅन कार्ड आणि फोटो तयार ठेवा.

३) सुकन्या खात्यात वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरायला विसरू नका. विसरले तर खाते बंद पडते. पण राहिलेले पैसे आणि प्रत्येक वर्षाचे ५० रुपये दंड भरून ते परत चालू करता येते.

४) आरडीचा १०० रुपयांचा हप्ता चुकला तर महिन्याला १ रुपया दंड लागतो. लागोपाठ चुकवू नये.

५) मुलग्यांसाठी सुकन्या खाते नाही. पण आरडी आणि बचत खाते मुलगा असो की मुलगी, सर्वांना काढता येते.

६) पैसे दिले की पासबुकात नोंद आणि शिक्का बघूनच घरी या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला सोबत न्या. आमच्या घरी पासबुक मी वाचून दाखवते.

७) "वर्षात दुप्पट करून देतो" असे कोणी दारात येऊन म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका.

सोडवा पाहू

१) रोज २ रुपये बाजूला ठेवले तर जून महिन्यात किती रुपये जमतील?

२) एक मुलगा आठवड्यातून तीन वेळा पाच रुपयांची पुडी घेतो. ५२ आठवड्यांत त्याचे किती रुपये जातात? तेवढ्यात सुकन्या खात्याचे २५० रुपये किती वेळा भरता येतील आणि बाकी किती उरेल?

३) तुमच्या घरातल्या सगळ्यात लहान मुलीला दहा वर्षे पूर्ण व्हायला किती महिने राहिले आहेत?

पहिल्या दोन गणितांची उत्तरे चौथीच्या वर्गात येऊन सांगा. तिसऱ्याचे उत्तर मात्र आईबाबांना सांगा. आणि वीस दिवस उशीर करू नका.

एवढे लिहून लेख पुरा करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. जि. नंदुरबार