हिशेब एक, संगणक दोन

गेल्या रब्बी हंगामांत आमच्या संघाच्या पांच सभासदांनीं आपापल्या शेतांत हरभऱ्याचे चार वाण शेजारीं शेजारीं पेरून त्यांची तुलना केली. एक वाण देशी व तीन सुधारलेले. सुधारलेल्या वाणांस ई, एफ व जी अशीं इंग्रजी मोठीं अक्षरें दिलीं होतीं, आणि देशी वाणाचें नांव इंग्रजी लहान अक्षरांत लिहिलें होतें. वीस वाफ्यांचे आंकडे दोन तरुण सभासदांनीं दोन संगणकांवर, परंतु एकाच आज्ञावलीनें, निरनिराळे बसून सोडविले. एकाच्या उत्तरांत एफ वाणापुढें अधिक चिन्ह आलें, दुसऱ्याच्या उत्तरांत वजा. ई वाणाचें बीं पुरेसें मिळण्यासारखें नव्हतें. तेव्हां एफ चें बीं मागवावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता, आणि वजा चिन्ह पाहून मागणीपत्रांतून तें नांव खोडण्याची वेळ आली होती. दोन्ही संगणक निर्दोष होते. आज्ञावलीहि निर्दोष होती. मग फरक कोठून आला, आणि असा फरक वेळेवर कसा ओळखावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

आधीं दोन शब्दांचा खुलासा करूं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोठार कोठें, कुलपें कोणाचीं, कोणतें काम केव्हां, हें सर्व तो पाहतो. विंडोज, मॅकओएस व लिनक्स हे तीन कारभारी प्रसिद्ध आहेत, व प्रत्येकाची राहाटी थोडी निराळी आहे. दुसरा शब्द 'आर'. हा सातबाऱ्यावरील आर नव्हे. हें संख्याशास्त्राच्या आज्ञावलीचें नांव आहे. न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं ती प्रथम रचली, तिची १.० ही आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली. ती विनामूल्य मिळते व तिन्ही कारभाऱ्यांच्या हाताखालीं चालते. तिला जोडावयाच्या पूरक भागांस पॅकेज म्हणतात. शेतकीच्या प्रयोगांची आंखणी व तुलना यांकरितां पेरू देशांतील फेलिपे दे मेंदिबुरू यांनीं रचलेलें 'ॲग्रिकोली' हें पॅकेज त्यांपैकींच एक होय.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. जमिनीच्या मोजणीस पूर्वीं ३३ फुटांची, सोळा आण्यांची साखळी असे. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा. शेत मोजण्यापूर्वीं साखळीच ठराविक मापाशीं ताडून पाहावी लागे. कारण ताणलेल्या साखळीनें शेत लहान भरतें आणि त्याचा दोष मोजणाऱ्यास उगाच लागतो. संगणक ही तशीच एक साखळी आहे. ती कोठें कोठें ताणली जाते, तें आतां पाहूं.

पहिलें कारण : अक्षरांचा क्रम. आमच्या प्रयोगांत घोटाळा झाला तो येथें. वाणांची तुलना करतांना आर, निराळें न सांगितल्यास, नांवें अक्षरक्रमानें लावते व पहिल्या नांवास पाया धरून बाकीच्यांचा फरक त्या पायापासून देते. विंडोजच्या संगणकावर शब्दकोशाप्रमाणें क्रम लागला. 'डी' नें सुरू होणारें देशी वाणाचें नांव पहिलें आलें. दुसऱ्या संगणकावर लिनक्स होतें, व त्याची भाषेची मांडणी 'सी' या मूळ पद्धतीवर ठेवलेली होती. तींत सर्व मोठीं अक्षरें आधीं व लहान अक्षरें मागून येतात. त्यामुळें ई पहिला आला व देशी शेवटीं गेला.

समजण्यासाठीं गोल आंकडे घेऊं. समजा, एकरीं देशी ७ क्विंटल, ई १०, एफ ९ व जी ८. पहिला संगणक देशीच्या पायावरून ई अधिक ३, एफ अधिक २, जी अधिक १ असें सांगेल. दुसरा ई च्या पायावरून एफ वजा १, जी वजा २, देशी वजा ३ असें सांगेल. दोन्ही उत्तरें खरीं आहेत. परंतु दुसरा कागद पहिल्याच्या समजुतीनें वाचला, तर देशीपेक्षां दोन क्विंटल अधिक देणारा एफ वाण देशीहून उणा ठरतो. आम्हांस शंका आली ती संख्याशास्त्राच्या ज्ञानानें नव्हे, तर कारकुनी संवयीनें. पेरलेले वाण चार आणि कागदावर ओळी तीन. मग चौथा गेला कोठें? एका कागदावर देशी नाहीं, दुसऱ्यावर ई नाहीं, हें दिसतांच उलगडा झाला. पाया कोणता तें स्वतः लिहून दिल्यावर दोन्ही संगणकांनीं एकच उत्तर दिलें.

दुसरें कारण : अपूर्णांक. जुन्या रुपयाची अधेली, पावली, चवली व आणा हे सर्व दोहोंनीं भागत गेल्यानें मिळणारे भाग होते. संगणकाची मोजणीहि दोहोंचीच आहे. म्हणून एक आणा त्याला तंतोतंत लिहितां येतो. १९५७ सालीं आलेल्या दशमान चलनांतील दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दहावा हिस्सा, मात्र त्याला पुरा लिहितां येत नाहीं. आपण एकतृतीयांश दशांशांत लिहूं लागलों तर तीनावर तीन लिहीत बसावें लागतें. त्यांतलाच हा प्रकार. म्हणून ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ बरोबर आहे काय, असें संगणकास विचारलें तर तो 'नाहीं' म्हणतो. फरक सतराव्या दशांशस्थळीं असतो. शेतकऱ्यास तो दिसावयाचाहि नाहीं; पण 'बरोबर असेल तरच पुढें जा' अशी आज्ञा असल्यास गाडी तेथेंच अडते.

तिसरें कारण : खान्याची रुंदी. संगणक नेहमींच्या खान्यांत सुमारें पंधरा-सोळा आंकडी संख्या नीट ठेवतो. इंटेलच्या जातीच्या यंत्रांत मधल्या हिशेबासाठीं आणखी रुंद, सुमारें एकोणीस आंकडी खानाहि असतो, व बेरीज आणि सरासरी काढतांना आर त्याचा उपयोग करते. ॲपलनें २०२० पासून आणलेल्या स्वतःच्या यंत्रांत असा रुंद खाना नाहीं. त्यामुळें एकाच बेरजेचे शेवटचे एक-दोन आंकडे या यंत्रांवर भिन्न येऊं शकतात.

याची परीक्षा वाचकांस घरीं करतां येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें अशा आज्ञावली पारखण्यासाठीं उत्तरें ठरलेलीं उदाहरणें प्रसिद्ध केलीं आहेत. त्यांतील एक अगदीं सोपें आहे : १,००,००,००१, १,००,००,००३, १,००,००,००२. सरासरी १,००,००,००२, आणि प्रमाण विचलन बरोबर १. आतां एका शून्याची भर घालून दहा कोटी एक, दोन व तीन असे आंकडे घ्या. आधीं सरासरी वजा करून मग वर्ग केले तर उत्तर १ च येतें. पण कागदावर सोयीची म्हणून शिकविलेली आडवाट, म्हणजे वर्गांच्या बेरजेंतून बेरजेचा वर्ग भागून वजा करण्याची रीत, घेतली तर प्रत्येक वर्ग सतरा आंकडी होतो, नेहमींच्या खान्यांत मावत नाहीं, आणि उत्तर शून्य येतें. सर्व हिशेब रुंद खान्यांत ठेवला तर त्याच आडवाटेनेंहि उत्तर १ येतें. एके ठिकाणीं खरें, दुसरे ठिकाणीं शून्य! चांगली आज्ञावली ही आडवाट घेत नाहीं. आरहि आधीं सरासरी वजा करते. परंतु कोणीं हौसेनें रचलेलें पॅकेज काय करतें, हें तपासल्यावांचून कळत नाहीं.

चौथें कारण : लिपि व नांवें. लिनक्सला एकच नांव लहान व मोठ्या अक्षरांत लिहिलें तर तीं दोन निराळीं दप्तरें वाटतात. विंडोज व मॅकओएस सामान्यतः तीं एकच समजतात. म्हणून एके ठिकाणीं उघडणारें दप्तर दुसरीकडे 'सांपडत नाहीं'. तसेंच विंडोजवर आर २०२२ सालच्या ४.२.० या आवृत्तीपर्यंत देवनागरी नांवें सरळ हाताळीत नसे. गांवाच्या नांवाऐवजीं कंसांतील सांकेतिक चिन्हें उमटत. जुनी आवृत्ति अद्याप वापरणाऱ्यास हा त्रास आजहि होईल.

या सर्वांवर जाणत्यांनीं काय उपाय केला आहे, तो पाहण्यासारखा आहे. आरच्या पॅकेजांचें 'क्रॅन' नांवाचें भांडार १९९७ पासून चालू आहे. मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमांपैकीं निदान दोहोंवर न चालणारें पॅकेज तेथें सहसा घेतलें जात नाहीं. घेतलेलें प्रत्येक पॅकेज लिनक्स, विंडोज व मॅकओएस यांवर पुनः पुनः तपासलें जातें, व निकाल कोणासहि पाहतां येतो. रुंद खाना मुद्दाम बंद ठेवून केलेली निराळी तपासणीहि असते. उत्तरें ताडतांना शेवटच्या आंकड्यापर्यंत हट्ट धरीत नाहींत; आरची दोन उत्तरें ताडण्याची नेहमींची आज्ञा दहा कोटी भागांत सुमारें दीड भाग इतका फरक चालवून घेते. मात्र ही सूट आधीं ठरलेली असते. उत्तर पाहून मग ठरविलेली सूट ही तपासणी नव्हे.

ही सावधगिरी व्यर्थ नाहीं, हें जुनेंच सिद्ध आहे. १९६७ सालीं लाँगली या अमेरिकन गृहस्थांनीं १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे आंकडे त्या काळच्या निरनिराळ्या आज्ञावलींस दिले, तेव्हां कित्येकींचीं उत्तरें पहिल्या कांहीं आंकड्यांतच चुकलीं. तो नमुना आज आरबरोबरच मिळतो.

आपल्यासारख्यांनीं काय करावें? चार नियम पुरेसे आहेत.

१. आपले आंकडे देण्यापूर्वीं, उत्तर माहीत असलेलें उदाहरण संगणकास द्यावें. पानसे व सुखात्मे यांच्या शेतकी संख्याशास्त्रावरील १९५४ सालच्या इंग्रजी ग्रंथांत सोडविलेलीं उदाहरणें आहेत. त्यांपैकीं एक घेतलें तरी पुरे.

२. मग आपला हिशेब निदान दोन निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमांवर करावा, व किती फरक चालेल तें आधीं लिहून ठेवावें.

३. पायाचा वाण, नांवांचा क्रम व रिकामी जागा कशी लिहावी, हें स्वतः सांगावें. कारभाऱ्याच्या मर्जीवर सोडूं नये.

४. कागदावर संगणकाची जात, ऑपरेटिंग सिस्टीम व आरची आवृत्ति यांची नोंद असावी. वाफ्यांच्या चिठ्ठ्या संगणकानें टाकल्या असल्यास तर हें अवश्यच. कारण २०१९ सालच्या ३.६.० या आवृत्तींत चिठ्ठी काढण्याची रीत बदलली, व तोच आरंभाचा अंक देऊनहि पूर्वींच्या चिठ्ठ्या येत नाहींत.

शेतकऱ्यास याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु २०१६ पासून चाललेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत थोड्या वाफ्यांच्या कापणीवरून साऱ्या महसूल मंडळाचें उत्पन्न ठरवितात, आणि वाणाची शिफारसहि थोड्या वाफ्यांच्याच जोरावर होते. थोड्या आंकड्यांवर पुष्कळांचें पोट अवलंबून असतें, तेथें एका चिन्हाची चूक लहान नसते. आमच्या संघानें एफ चें बीं मागविलें. तें पुढें कसें उगवेल तें जमीन व पाऊस यांच्या हातीं आहे. परंतु निर्णय तरी खऱ्या आंकड्यांवर झाला. शेतकरी बंधूंनीं संगणकाच्या कागदास भिऊं नये, आणि त्यावर आंधळा विश्वासहि ठेवूं नये. पेरलें किती, कागदावर आलें किती, हें प्रथम मोजावें. तेवढें गणित प्रत्येकास येतें.