वीणा खाली ठेवायची नसते

पोरी, देवापुढं बसवत नाही म्हणालीस ना परवा? मग बसू नकोस. माझा थोरला गेला तेव्हा सुतक फिटलं, तेरावं झालं, तरी माझा हात निरांजनाकडं जाईना. सासूबाई त्यावर एका शब्दानं बोलल्या नाहीत. दिवेलागणीला स्वतः वात लावायच्या आणि काडेपेटी माझ्या हाताशी ठेवून जायच्या. दोनेक महिने असंच चाललं. एका संध्याकाळी त्या अंगणात अडकल्या, अंधार पडू लागला, आणि मीच काडी ओढली. मनात भक्ती बिक्ती काही नव्हती. पण त्या दिवसापासून दिवा माझ्याकडं आला.

म्हणून सांगते, आत्ता पारायणाचा संकल्प सोडू नकोस आणि नवसही बोलू नकोस. हरिपाठातला एकच अभंग धर, वेळ ठरव आणि मन लागो न लागो, मोठ्यानं म्हण. आवाज कानावर पडू दे.

तुकोबांचं काय झालं ते आठव. 1630 च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला, चारचौघांत मान राहिला नाही. त्यानंतर त्यांनी मोडकं देऊळ नीट करायला घेतलं. कीर्तनात आधी दुसऱ्यांच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं, संतांची वचनं पाठ केली. सुरुवातीला चित्त लागत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. एवढ्या मोठ्या माणसानंही आधी दुसऱ्याचेच शब्द धरले, हे मला फार धीराचं वाटतं.

राग आला तर भांड देवाशी. नामदेव भांडले, जनाबाई भांडली, तुकोबांनी तर काय काय ऐकवलं त्याला. ज्याच्यावर हक्क असतो त्याच्याशीच माणूस भांडतं. फक्त अबोला धरू नकोस.

आणि मागल्या जन्मीचं भोगतेयस असं सांगणारं कोणी आलंच, तर ते मनाला लावून घेऊ नकोस. माउली म्हणतो आपण विठ्ठलाला. लेकरू रडत असताना त्याचा जुना हिशोब काढणारी आई मी तरी पाहिली नाही. झोप लागत नाही, घास उतरत नाही असं फार दिवस चाललं, तर डॉक्टरकडं जा. गोळी घेतली म्हणून श्रद्धा उणी पडत नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. थोरला गेला त्या वर्षी गावात सप्ताह होता. सात दिवस, सात रात्री नाम चालू, आणि तेवढ्या वेळात वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लागतात. एकाच्या गळ्यातली वीणा निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मधे ती जमिनीला टेकत नाही. सासूबाईंनी मला न विचारता बायकांच्या पहाऱ्यात माझं नाव घातलं, रात्री दोन ते चार. मी नको नको म्हणत गेले. पट्टा खांद्यावर आला, भोपळा पोटाशी टेकला, तार छेडली की त्याची थरथर आत लागायची. तोंडातून नाव निघेना. आवंढा अडकलेला. मी नुसती उभी. पण मागं बसलेल्या चार म्हाताऱ्या टाळ धरून म्हणत होत्या, त्यांनी नाम तुटू दिलं नाही. दोन तास माझ्या गळ्यात वीणा होती आणि नाव त्यांच्या तोंडी होतं.

चारला पुढची बाई आली. रीतीप्रमाणं आधी वाकून माझ्या पाया पडली, मग वीणा घेतली. मी एकदाही विठ्ठल म्हटलं नव्हतं, तरी ती पडली पाया. तेव्हा मला रडू फुटलं, पोर गेल्यानंतर पहिल्यांदा. देव कुठं होता म्हणून मी इतके दिवस विचारत होते. त्या रात्री तो माझ्या पाठीशी चार हातांच्या अंतरावर टाळ वाजवत बसला होता, असं मी आजही मानते.

येत्या एकादशीला देवळात भजन आहे. साडेसातला मी तुझ्या दारात येईन. टाळ घ्यायचा नाही, तोंड उघडायचं नाही. मागच्या खांबापाशी माझ्याशेजारी बसायचं. उठावंसं वाटलं तर आपण दोघी उठू.