आधी स्वच्छता, मग बचत

‘पाणी म्हणजे जीवन’ हे चार ते आठ वर्षांच्या मुलाकडून पाठ करून घ्यायला दोन मिनिटं पुरतात. त्यातून कळत मात्र काहीच नाही. त्यापेक्षा डोळ्यांना दिसेल असं काही करून दाखवा, आणि क्रम पाळा: आधी स्वच्छता, मग बचत. उलट केलं तर मूल पाणी वाचवायचं म्हणून हात धुणंच टाळतं.

सुरुवातीला काचेच्या दोन पेल्यांत पिण्याचं पाणी घ्या. एकात गुपचूप मीठ विरघळवा. वेगळं पाणी कुठलं, ते बघून ओळखता येणार नाही. थेंबभर चाखलं की लगेच कळेल. मग सांगा: कावीळ, टायफॉइड, जुलाबाचे जंतूही असेच दिसत नाहीत, आणि त्यांना तर चवही नसते.

दुसऱ्या दिवशी गढूळ पाण्यात तुरटी फिरवा. गाळ हळूहळू तळाशी बसतो, मुलं टक लावून बघतात. वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळा आणि विचारा, “आता प्यायचं का?” बहुतेक मुलं हो म्हणतील. खरा धडा इथेच आहे. गाळ बसला, जंतू नाही मेले. त्यासाठी पाणी खळखळून उकळावं लागतं, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास थांबावं लागतं. शाळांना वाळू, खडी, कोळसा भरून बाटलीचा फिल्टर करायची फार हौस. माझ्या मते एवढ्या लहान मुलांसाठी तो नकोच. नितळ म्हणजे पिण्याजोगं, ही समजूत त्यातून पक्की होते.

मग हळदीचा खेळ. मुलाच्या बोटांना हळद लावा आणि पातेल्यातलं पाणी पेला बुडवून घ्यायला सांगा. बोटं बुडाली की पाणी पिवळं. दुसऱ्या पातेल्यातलं ओगराळ्याने घेऊ द्या. माठाजवळ ओगराळं का ठेवायचं, हे पुन्हा सांगावं लागत नाही. लगोलग हेही सांगून टाका: साबण चोळताना नळ बंद, पण हात धुण्यात कंजुषी नाही.

आता बचत. गळक्या नळाखाली रात्री बादली ठेवा, सकाळी मुलाला तांब्याने मोजू द्या. दर तांब्याला कागदावर एक चित्र काढायचं. नळ सोडून दात घासले तर किती आणि मगातून पाणी घेतलं तर किती, तेही असंच मोजा. (भरलेल्या बादलीजवळ लहान मुलाला एकटं सोडू नका.) सात-आठ वर्षांच्यांना पावसाळ्यात सरळ उभ्या डब्यात पट्टी धरून पाऊस मोजू द्या. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्या गच्चीचा हिशेब त्यांनीच मांडावा.

एक धडा मोठ्यांसाठी. नळाला पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून हंडाभर पाणी मोरीत ओतायची रीत अनेक घरांत आहे. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. फार तर ते भांडी घासायला वापरा किंवा कुंड्यांना घाला. आणि बादलीतलं पाणी मुलाने मोजल्यावर त्याच दिवशी त्या नळाचा वायसर बदलून घ्या, तोही त्याच्या देखत.