श्री हिंगलाज यात्रेतील चंद्रकूप पर्वत : आरोहण, आज्ञा आणि दर्शन

स्थानमाहात्म्य

दक्षकन्या सतीचे ब्रह्मरंध्र ज्या स्थानी पडले ते हिंगलाज, अशी शक्तिपीठांच्या परंपरेत श्रद्धा आहे. येथील देवीस कोट्टरी आणि भैरवास भीमलोचन अशी नावे आहेत. हिंगुल म्हणजे शेंदूर. गुहेतील देवीची शिळा शेंदूरचर्चित असून ती घडविलेली मूर्ती नव्हे, स्वयंभू पाषाण होय. हे स्थान पाकिस्तानातील बलुचिस्तान प्रांतात, लासबेला भागात, हिंगोल नदीच्या खोऱ्यात वसलेले असून कराचीपासून ते सुमारे २५० किलोमीटर पश्चिमेस आहे. परिसरातील मुस्लिम रहिवासी देवीस आदराने 'नानी' म्हणतात.

महाराष्ट्रास हे नाव परके नाही. भावसार समाजाची हिंगलाज माता ही कुलदेवता आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज या गावाचे नावही याच देवीशी जोडले जाते. 'नवनाथ भक्तिसार' या ग्रंथात मच्छिंद्रनाथांच्या हिंगलाज यात्रेचे आख्यान आले आहे. त्यात देवीच्या दारी अष्टभैरव नाथांना अडवितात आणि आत जाण्यापूर्वी पापपुण्याचा झाडा मागतात. हे आख्यान असंख्य घरांतून पारायणाच्या निमित्ताने वाचले जाते. परंतु दर्शनापूर्वी असा झाडा देण्याची प्रथा यात्रामार्गावर प्रत्यक्षात आहे आणि ती एका निर्जन पर्वताच्या माथ्यावर पाळली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो पर्वत म्हणजे चंद्रकूप. स्थानिक बोलीत त्यास चंद्रगुप म्हणतात.

पर्वताचे स्वरूप

चंद्रकूप हा सामान्य डोंगर नव्हे. तो पंक-ज्वालामुखी, म्हणजे चिखलाचा ज्वालामुखी आहे. मकरान किनाऱ्याजवळच्या ओसाड सपाटीवर राखाडी मातीचे तीन शंकू उभे आहेत. त्यांतील मुख्य शंकू सुमारे १०० मीटर उंच आहे. माथ्यावर विहिरीसारखे तोंड असून त्यात पातळ चिखल संथपणे खदखदत असतो. यावरून कूप हे नाव किती सार्थ आहे ते कळते. माथ्यावरून दक्षिणेस अरबी समुद्र दिसतो, तर उत्तरेस हिंगलाजकडील उघड्या बोडक्या डोंगररांगा दिसतात. मधल्या भूमीत सावली देणारा वृक्ष क्वचितच आढळतो.

हा चिखल तप्त नसतो, हे विशेष. अरबी समुद्राच्या तळाचे भूपट्ट येथे उत्तरेकडील भूपट्टाखाली दरवर्षी काही सेंटीमीटर सरकत असते. त्यामुळे तळावरील गाळाचे जाड थर दाबले जातात आणि त्यांत कोंडलेले पाणी व मिथेन वायू मऊ चिखलासह फटींतून वर येतात. उतू जाणारा चिखल वाळून थरावर थर चढतात व शंकू वाढत जातो. हा प्रदेश भूकंपप्रवणही आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्यावर झालेल्या मोठ्या भूकंपाने उठलेल्या सागरी लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. २४ सप्टेंबर २०१३ च्या भूकंपानंतर ग्वादरजवळ समुद्रातून चिखलाचे एक बेट वर आले आणि काही वर्षांतच लाटांनी ते झिजवून टाकले. ज्या भूमीवर यात्रेकरू पाय ठेवतो ती अशी घडणारी आणि मोडणारी भूमी आहे.

जुनी यात्रा आणि तिचे नियम

मकरान किनारी महामार्ग २००४ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यापूर्वी कराचीहून हिंगलाजला जाणे म्हणजे उंटांसह कित्येक दिवस वाळवंट तुडविणे होते. अवधूत या बंगाली लेखकाच्या 'मरुतीर्थ हिंगलाज' या पुस्तकामुळे आणि त्यावरील १९५९ च्या चित्रपटामुळे ही खडतर यात्रा बंगालात घरोघरी माहीत झाली. यात्रेकरूंचा जथा छडीदाराच्या मागे चाले. छडीदार म्हणजे देवीची छडी घेऊन पुढे चालणारा, वाट व पाणवठे जाणणारा मार्गदर्शक. निघण्यापूर्वी तो प्रत्येकाकडून व्रत घेववी. यात्रा पूर्ण होईपर्यंत वैराग्याने राहावे, हा त्यातील एक नियम होता. दुसरा नियम ऐकताना आजही मन थबकते. आपल्या सुरईतील पाणी कोणी कोणास देऊ नये, पतीने पत्नीस देऊ नये आणि मातेने लेकरासही देऊ नये, असा तो नियम होता.

तहानलेल्यास पाणी पाजणे हे ज्या धर्मात पुण्य मानले आहे, त्याच धर्माच्या यात्रेत असा नियम का असावा? परंपरा त्यास भक्तीची कसोटी म्हणते. वाळवंटाचा विचार केला असता त्यातील व्यवहारही ध्यानात येतो. पुढचा पाणवठा दोन मुक्कामांवर असताना एकाने पाणी उधळले आणि दुसऱ्याने दयेपोटी आपले वाटून दिले, तर दोघांचाही घात होतो. आपले पाणी आपणच वाहावे, ते मोजूनच प्यावे आणि आपल्या निष्काळजीपणाचा भार दुसऱ्यावर टाकू नये, हा त्या कठोर व्रताचा आशय म्हणता येईल.

याच प्रदेशातून इ.स.पूर्व ३२५ मध्ये अलेक्झांडरचे सैन्य परतले आणि पाण्यावाचून त्याची मोठी हानी झाली. शिरस्त्राणात आणून दिलेले थोडेसे पाणी त्याने सर्वांदेखत वाळूत ओतून टाकले, अशी कथा ग्रीक इतिहासकार अरियन याने नोंदविली आहे. कोरड्या ओढ्याकाठी तळ पडला असता रात्री अचानक आलेल्या लोंढ्याने अनेकजण वाहून गेल्याचेही तो सांगतो. ज्या भूमीत तहानेने माणसे मरतात तेथेच ती पुरानेही मरतात, हा वाळवंटाचा स्वभाव यावरून कळतो.

पूर्वरात्रीचा विधी

चंद्रकूपाच्या पायथ्याशी पोहोचल्यावर जथा लगेच वर चढत नसे. भाविक या पर्वतास बाबा चंद्रकूप म्हणतात व ते शिवाचे स्थान मानतात. देवीच्या दर्शनास जाण्यापूर्वी बाबांची आज्ञा घ्यावी लागते. पूर्वरात्री उपवास व जागरण होई. प्रत्येकाच्या शिध्यातील पीठ एकत्र करून त्याचा एक मोठा रोट केला जाई. कणीक भूमीस लागू नये म्हणून कापड चौघांनी धरून ती अधांतरी मळण्याची रीत होती. रोट रात्रभर निखाऱ्यांत भाजला जाई आणि पहाटे तो घेऊन आरोहण होई.

माथ्यावर प्रत्येकाने सर्वांसमक्ष आपले नाव, आपले गाव आणि आपल्या हातून घडलेली पापे मोठ्याने सांगावयाची असत. मग रोट व नारळ चिखलात अर्पण केले जात. चिखलाच्या बुडबुड्यांवरून आज्ञा मिळाली की नाही, ते छडीदार सांगे. जो पाप लपवी त्यास पुढे नेले जात नसे. ज्या सहयात्रींनी वाटेत त्याची तहान पाहिली त्यांच्याच समोर त्याला आपला दोष उघड करावा लागे. नाथांच्या आख्यानातील अष्टभैरवांचा प्रश्न येथे असा प्रत्यक्ष उभा राहतो.

आरोहण

पायथ्यापासून माथा जवळ भासतो, परंतु चढण फसवी आहे. वाळलेल्या चिखलाच्या पृष्ठभागास भेगा पडलेल्या असतात. पाऊस क्वचित पडत असला तरी त्याने उतारावर खोल घळी कोरल्या आहेत. वरची खपली पायाखाली फुटते आणि तिच्या भुग्यावरून पाऊल मागे घसरते. घळीतून चढताना हातांचाही आधार घ्यावा लागतो. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन आधार पक्के झाल्यावाचून चौथा हलवू नये, हा गिर्यारोहणातील नियम येथेही उपयोगी पडतो. हाताने धरलेला मातीचा कंगोरा निसटू शकतो, म्हणून भार टाकण्यापूर्वी तो चाचपून पाहावा लागतो. खालून येणाऱ्याच्या अंगावर ढेकळे जाऊ नयेत म्हणून एकाच घळीत एकाखाली एक चढणे टाळावे लागते.

अलीकडच्या काळात वर जाण्यासाठी पायऱ्या झाल्या आहेत. तरीही शेकडो पायऱ्या चढणे किंवा त्या सोडून उतारावरून धडपडत वर जाणे, हे दोन्ही आजही पाहावयास मिळते. माथ्यावर नारळ व गुलाबपाकळ्या अर्पण करून भाविक देवीच्या दर्शनाची आज्ञा मागतात. मुखाची कडा कोठे कोरडी तर कोठे ओली असते आणि ओल्या कडेवर पाय निसटतो. बाहेर पडणारा वायू ज्वालाग्राही असल्याने मुखापाशी अग्नी नेणे इष्ट नाही. उतरणे हे चढण्याहून अवघड ठरते. श्रद्धेचा आवेग ओसरलेला असतो, मांड्या थकलेल्या असतात आणि ऊन वाढलेले असते. वाळवंटातील डोंगरावर अर्धे बळ उतरणीसाठी राखून ठेवावे, असे जाणते सांगतात ते यासाठीच.

कोरड्या पर्वतावर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

चंद्रकूपावर असो वा अन्य कोणत्याही उजाड डोंगरावर, पुढील नियम सारखेच लागू पडतात.

१. आरोहण सूर्योदयापूर्वी सुरू करून ऊन तापण्याच्या आत खाली यावे.

२. कडक उन्हात चढताना घामावाटे तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी जाऊ शकते. त्या हिशेबाने पाणी व थोडे मीठ-साखर सोबत ठेवावे. निम्मे पाणी संपले असता माथा कितीही जवळ दिसला तरी परत फिरावे.

३. डोके, मान व हात सैल सुती वस्त्राने झाकावेत. पादत्राणांचा तळ खडबडीत असावा.

४. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये.

५. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागल्यास किंवा त्याचा तोल जाऊ लागल्यास त्यास त्वरित सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. तो पूर्ण शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी द्यावे. अशा वेळी जुन्या व्रताचा दाखला देऊन पाणी अडवून धरू नये. प्राणरक्षण हा सर्व व्रतांहून श्रेष्ठ धर्म होय.

६. पर्वत व परिसर स्वच्छ ठेवावा. हिंगोल राष्ट्रीय उद्यान १९८८ मध्ये घोषित झाले असून ६,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रात ते पसरले आहे. रानबकरे, चिंकारा व बिबट्या यांचा तेथे वास असून हिंगोल नदीत मगरी आहेत.

आजची यात्रा

दरवर्षी एप्रिल महिन्यात तीन दिवसांचा यात्रोत्सव भरतो. सिंध व बलुचिस्तानातील हिंदू समाज लाखाच्या संख्येने येथे जमतो. बहुसंख्य भाविक वाहनांनी येतात, तर काही आजही शेकडो किलोमीटर पायी चालत येतात. २००६ साली माजी केंद्रीय मंत्री जसवंत सिंह यांच्या नेतृत्वाखाली भारतातील भाविकांचा एक जथा राजस्थानातून हिंगलाजला जाऊन आला होता. मात्र भारतीय भाविकास ही वाट सहज खुली नाही. ती दोन्ही देशांच्या अनुमतीवर अवलंबून आहे. म्हणून महाराष्ट्रातील बहुतेक भक्तांना हिंगलाजचे दर्शन आपल्या गावच्या देवळात किंवा ग्रंथपारायणातच घडते.

रस्त्याने अंतर मिटविले आणि पायऱ्यांनी चढण सोपी केली. यामुळे वृद्ध व अशक्त भाविकांची सोय झाली, हे उत्तमच झाले. तथापि, चंद्रकूपाने पूर्वापार जे मागितले ते पायांच्या बळाहून वेगळे होते. पर्वत जिंकण्यासाठी नव्हे, तर अनुज्ञा मागण्यासाठी तेथे चढावयाचे असते. माथा गाठल्यावर आपला पराक्रम नव्हे, तर आपले दोष सांगावयाचे असतात. देवीची गुहा तेथून पुढे आहे. ज्यास त्या वाळवंटात जाणे शक्य नाही, त्यानेही कोणत्याही देवळाची पायरी चढण्यापूर्वी क्षणभर थांबून आपल्या पापपुण्याचा झाडा मनाशी घ्यावा. चंद्रकूपाची यात्रा इतकी तरी प्रत्येकास घडू शकते.

॥ श्री हिंगलाज माता प्रसन्न ॥