लोणेऱ्याला निघालेल्या भाचीस

आगरदांडा, ता. मुरूड
नारळी पौर्णिमा

चि. बाय हिस,


तुझा लोणेऱ्याचा प्रवेश पक्का झाल्याचं आईने काल फोनवर सांगितलं. वसतिगृहही मिळालं म्हणाली. फार बरं वाटलं. मुंबई-पुण्याला निघालेल्या पोरांना घरचे, शेजारचे, सगळे बसवून चार गोष्टी सांगतात. लोणेरे जवळ पडतं, जंगलजेटीच्या बोटीने दिघीला उतरलं की बोर्ली, म्हसळा, माणगाव करत तीन-चार तासांत गाठता येतं, म्हणून तुला कुणी काही सांगणार नाही. म्हणून हे पत्र.

जवळ असण्यातच तुझी अडचण आहे, ती आधी सांगतो. दर शनिवारी पिशवी भरून तू दिघीच्या धक्क्यावर उभी राहशील. आईला हवंच असतं, तुलाही घरचं कालवण हवं असतं. पण विद्यापीठात जे वर्गाबाहेर घडतं ते शनिवारी-रविवारीच घडतं. नाटकाच्या तालमी, शिबिरं, प्रकल्पाचं काम, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा, सगळं तेव्हाच. दर आठवड्याला घरी येणारी मुलगी चार वर्षं विद्यापीठात जाते, पण तिथे राहत नाही. पहिल्या सत्रात गणपती आणि दिवाळी सोडून येऊ नकोस. आईची समजूत मी घालतो.

तुझं विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या स्वतंत्र कायद्याने उभं राहिलं ते निवासी विद्यापीठ म्हणून. शिकवणारे आणि शिकणारे एकाच आवारात राहतील, ही त्यामागची कल्पना होती. पुढे २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं जोडून घेता येऊ लागली आणि पसारा वाढला. पण लोणेऱ्याच्या आवारात अजूनही मुलं राहतातच, आणि सीईटीच्या प्रवेशामुळे ती सगळ्या महाराष्ट्रातून येतात. तुझ्या खोलीत लातूरची किंवा यवतमाळची मुलगी असेल. तिने कदाचित समुद्र पाहिलेला नसेल, आणि कापसाचं पीक बुडालं म्हणजे घरात काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. आपल्या मुरूड-रोह्याच्या मुलींचा घोळका करून चार वर्षं काढू नकोस. मेसमध्ये जेवायला बसताना मुद्दाम दुसऱ्या टेबलावर बस.

आता मुख्य गोष्ट. अभ्यासाशिवाय एक काम हाती घे. एकच घे, पण चारही वर्षं धर. आणि ते काम असं निवड की ज्याचा हिशेब तुला चार लोकांसमोर उभं राहून द्यावा लागेल.

हे मी का सांगतो ते तुला माहीत आहे. माझी उमेदीची वर्षं मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीपदावर गेली. डिझेलच्या कराचा परतावा मिळवायचा तर प्रत्येक होडीचा परवाना, नोंदणी, बिलं जुळावी लागतात. एक कागद कमी पडला की प्रस्ताव अडकतो, आणि त्या होडीचा तांडेल ऑफिसात येऊन ओरडतो. ओरडणं बरोबरच असतं, पैसा त्याचा अडकलेला असतो. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यायची, गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब करून पुन्हा भरवायची, प्रोसिडिंग बुकात झालं तेवढंच लिहायचं आणि न झालेलं लिहायचं नाही. हे मला कुठल्या शाळेत कुणी शिकवलं नाही. माझ्यानंतर हे काम कुणाकडे द्यावं म्हणून शोधलं तेव्हा गावात पदवीधर पुष्कळ सापडले. सभा चालवता येणारा सापडायला फार वेळ लागला.

निसर्ग वादळ तुला आठवत असेल. ३ जून २०२० ला ते आपल्याच किनाऱ्यावर आलं. पत्रे, कौलं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि फोन किती तरी दिवस नव्हते. पंचनाम्यांच्या वेळी घरोघर फिरून याद्या करायला माणसं हवी होती. एका घरात दोन चुली असतील तर नोंद एक की दोन, भाडेकरूचं सामान भिजलं त्याचं काय, पडकी भिंत वादळाने पडली की आधीच पडलेली होती, या प्रश्नांवर लोक हमरीतुमरीवर येत होते. त्या वेळी ज्यांना शांतपणे ऐकून घेता येत होतं, खरं तेच लिहिता येत होतं आणि नाही म्हणायचं तिथे नाही म्हणता येत होतं, ती माणसं मोजकी होती. त्यांतल्या दोघांनी मला सांगितलं की हे आम्ही कॉलेजात एनएसएसच्या शिबिरात शिकलो.

म्हणून तुझ्यासाठी माझी पहिली पसंती एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेलाच. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा नेम आहे. पुष्कळ मुलं प्रमाणपत्रासाठी नाव घालतात आणि झाडूसोबत फोटो काढून घेतात. तू तसं करू नकोस. शिबिराच्या गावात शिध्याचा हिशेब तुझ्याकडे मागून घे. पन्नास जणांचा तांदूळ किती, डाळ किती, उरलं ते कुठे गेलं, हे सात दिवस सांभाळलंस तर त्यातून जे शिकशील ते कुठल्याही भाषणातून मिळणार नाही.

ज्यांच्या नावाने तुझं विद्यापीठ आहे त्यांच्याकडे पाहा. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते मुख्यतः अर्थशास्त्र शिकायला. पण ९ मे १९१६ ला त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. विषयाची चौकट ओलांडून दुसऱ्या विभागात जायचं आणि तिथल्या जाणत्यांसमोर आपलं म्हणणं मांडायचं, याला विद्यापीठात राहणं म्हणतात. पुढे त्यांच्या संस्थेने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे, आणि जानेवारी १९५० मध्ये, देशाचे कायदेमंत्री असताना, बाबासाहेब त्या संसदेसमोर हिंदू कोड बिलावर बोलले. इतक्या मोठ्या वादाचा विषय त्यांनी कॉलेजच्या मुलांपुढे मांडण्याजोगा मानला. मुलांना त्यांनी लहान समजलं नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

लोणेऱ्याहून महाड वीसेक किलोमीटर. पहिल्याच महिन्यात मैत्रिणींना घेऊन चवदार तळ्यावर जाऊन ये. तिथे गेलीस की २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्यातून घेतलेल्या ओंजळभर पाण्याबद्दल सगळे सांगतील. मी तुला त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल सांगतो. त्या वेळी महाडला भरलेली कुलाबा जिल्ह्याची परिषद जुळवण्यात रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते. महाडजवळच्या लाडवलीचे, तेव्हा विशीतले. अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस हे सोबत होते. गावोगाव फिरून माणसांना बोलवायचं, मांडव घालायचा, हजारोंच्या जेवणाची सोय करायची. आणि पाणी? परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. नगरपालिकेने ठरावाने १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं केलं होतं, तरी पाणी विकतच आणावं लागलं. हे ४० रुपये कुणी तरी गोळा केले, कुणी तरी मोजून दिले, कुणी तरी वहीत लिहून ठेवले. म्हणून आज आपल्याला ते माहीत आहेत. तळ्यावर उभी राहशील तेव्हा त्या वही लिहिणाऱ्याचीही आठवण ठेव.

तुझा ओढा नाटकाकडे असेल तर तेही चालेल, उलट आनंदच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनातलं तुझं काम मी पाहिलंय. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. महाविद्यालयीन मुलं महिनोन्महिने तालमी करून एक एकांकिका उभी करतात. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवलं आणि तो कुणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला. माझ्या मते त्यांनी मुलांचा मानच राखला. विद्यार्थ्यांचं काम आहे म्हणून गोड मानून घेण्यात मुलांचा अपमान असतो. तूही जे करशील ते विद्यार्थ्यांचं म्हणून सांभाळून घ्या असं कुणाला म्हणू नकोस. यंत्र बनवलंस तर ते चाललं पाहिजे, नाटक केलंस तर शेवटच्या रांगेला ऐकू आलं पाहिजे. राज्यातल्या विद्यापीठांचे आविष्कार, इंद्रधनुष्य असे आंतरविद्यापीठ मेळावेही होतात. संशोधनाचं मन असेल तर आविष्कारची चौकशी दुसऱ्या वर्षापासून कर, पहिल्या वर्षी नको.

निवडणुका आणि संघटना यांबद्दल तुझ्या बाबांना धास्ती आहे. मला तेवढी नाही. राज्यातल्या विद्यापीठांच्या १९९४ च्या कायद्याने मुलांच्या थेट निवडणुका गेल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण २०१९ मध्ये तारखा लागूनही त्या पुढे ढकलल्या गेल्या. परीक्षेत पहिली आलेली मुलगी वर्गाचं म्हणणं उत्तम मांडेलच असं नाही. मत मागायला गेल्याशिवाय लोकांची नड कळत नाही. तुझ्या विद्यापीठाचा कायदा वेगळा आहे. ग्रंथालयात तो मिळेल, मागून वाच. विद्यार्थ्यांना कुठल्या समितीत जागा आहे ते त्यात पाहा. पक्षांच्या विद्यार्थी संघटना तुला बोलावतील. पहिलं वर्ष सगळ्यांच्या सभांना जा, ऐक, प्रश्न विचार आणि कुणाचीही पावती फाडू नकोस. दुसऱ्या वर्षी पटलं तर उघडपणे जा, लपून नको.

पैशांचं एक सांगतो. महोत्सवाची वर्गणी, प्रायोजकांचा पैसा, सहलीचा निधी हातात आला की तो आपल्या खात्यात, आपल्या फोनवर घेऊ नकोस. चारशे रुपये असले तरी दोघींच्या सह्या, पावती, आणि कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत फलकावर हिशेब. भांडणं नेहमी रकमेवरून होत नाहीत, हिशेब उशिरा दिल्यावरून होतात. सोसायटीत मी हे वारंवार पाहिलं.

रॅगिंगचंही बोलायला हवं. आपल्या राज्यात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देशपातळीवरची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, ती फोनमध्ये घालून ठेव. तुला त्रास झाला तर सांगशीलच. दुसरीला होताना दिसला तरी गप्प राहू नकोस. आणि वर्षभराने तू सीनियर होशील तेव्हा गंमत म्हणूनही कुणाला रांगेत उभं करू नकोस.

अभ्यासाचं मी सांगायला नको, पण काठ सांगून ठेवतो. पंच्याहत्तर टक्के हजेरी आणि एकही विषय न राहणं, एवढं सांभाळून बाकीचं सगळं. विषय राहिला तर त्या सत्रात कामाची जबाबदारी दुसरीकडे दे, आणि ती वहीसकट नीट दे. काम सोडतानाची रीतसुद्धा शिकायची असते. हातात पैसे कमी पडत असतील तर कमवा आणि शिकासारखी योजना आहे का ते विद्यार्थी विभागात विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही वाट घालून दिली तेव्हापासून शिकता शिकता काम करण्यात महाराष्ट्रात कुणी कमीपणा मानलेला नाही. ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळालं तर ते सगळ्यांत आधी घे.

घाबरशील, हे मी धरून चालतो. आपल्या किनाऱ्यावरच्या मुली घरात मोकळ्या बोलतात आणि बाहेर सभेत मागच्या रांगेत बसतात. आमच्या सोसायटीत मासळी विकून घर चालवणाऱ्या बायका आहेत. बाजारात त्या कुणाचं ऐकत नाहीत, पण वार्षिक सभेत तोंड उघडत नाहीत, कारण सभेत कसं बोलायचं ते त्यांना कुणी कधी दाखवलं नाही. तू शिकलीस तर त्यांना दाखवू शकशील. तुझ्याकडून मला हीच एक आशा आहे, नोकरी कुठेही कर.

पहिल्या बैठकीत एक वाक्य तरी बोल. ते चुकलं तरी हरकत नाही. दुसऱ्या बैठकीत इतिवृत्त लिहिण्याचं काम माग. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळेल.

येत्या महिन्यातच कुठे तरी नाव नोंदव आणि कुठे नोंदवलंस ते मला कळव. फोनवर नको, चार ओळी लिहून पाठव.

तुझा,
मामा