द्रव्ययोनी : हरिद्रेच्या निमित्ताने एक अभ्यास

काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा औषधशाळेत हरिद्रासत्त्वाचा एक डबा आला. रंग तेजस्वी, कण एकसारखे, भाव नेहमीपेक्षा बराच कमी. सोबतच्या विश्लेषणपत्रात एकट्या कर्क्युमिनचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के दाखविले होते. ते पाहून प्रथम समाधान वाटले व मागाहून शंका आली. वनस्पतीतून काढलेले सत्त्व इतके एकजिनसी कसे? पुरवठादाराकडे कच्च्या हळदीच्या खरेदीची नोंद मागितली. ती मिळाली नाही. माल आम्ही परत केला. त्या निमित्ताने जो अभ्यास घडला तो वैद्यबंधू व औषधशाळाचालक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

मूळ प्रश्न असा : द्रव्य काय आहे एवढे सांगून पुरते, की ते कशापासून उत्पन्न झाले हेही सांगावे लागते?

ग्रंथविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात द्रव्यांचे जांगम, औद्भिद व पार्थिव असे तीन प्रकार सांगितले आहेत. हा विभाग उत्पत्तीवरून केलेला आहे. पंचविसाव्या अध्यायात आसवांच्या धान्य, फल, मूल इत्यादी नऊ योनी येतात. तेथेही हीच दृष्टी आहे. चौथ्या अध्यायात मात्र विभाग कर्मावरून होतो. हरिद्रा ही लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न या तिन्ही महाकषायांत आढळते. लेखनीय गणात दारुहरिद्रा तिच्या शेजारीच बसलेली आहे. दोन्ही पीतवर्ण, दोन्ही लेखन करणाऱ्या. परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत. आधुनिक परिभाषेत सांगायचे तर दारुहरिद्रेतील बर्बेरीन वनस्पती टायरोसिनपासून घडविते, तर हरिद्रेतील कर्क्युमिन फेनिलअ‍ॅलनिनपासून. कर्म जवळचे असले म्हणजे योनी एक असते असे नाही. ग्रंथकारांनी योनी व कर्म या दोन्ही कसोट्या स्वतंत्र ठेवल्या, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

रसायनविचार

कर्क्युमिन हे द्रव्य १८१५ साली प्रथम वेगळे करण्यात आले. त्याची रचना १९१० साली निश्चित झाली व १९१३ साली ते प्रयोगशाळेत तयारही झाले. वनस्पती ते कसे घडविते, हा जैवजननाचा प्रश्न पुढे बराच काळ अभ्यासाचा विषय राहिला. २००९ साली जपानी संशोधकांनी हळदीतील संबंधित विकरे ओळखून दाखविली. फेनिलअ‍ॅलनिनपासून पायरीपायरीने फेरुलिक आम्लाचे सक्रिय रूप बनते. त्याचे दोन रेणू मॅलोनिल घटकाच्या एका रेणूशी जोडले जाऊन कर्क्युमिन तयार होते. हे काम अगदी एकसुरी नसते, म्हणून नैसर्गिक सत्त्वात कर्क्युमिनबरोबर डिमेथॉक्सी व बिसडिमेथॉक्सी ही त्याची दोन भावंडेही असतात. बाजारातील उत्तम सत्त्वात मुख्य कर्क्युमिनचा वाटा साधारणतः तीन-चतुर्थांश असतो.

कारखान्यातील मार्ग निराळा आहे. तेथे व्हॅनिलिनचे दोन रेणू व अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनचा एक रेणू जोडतात, आणि हा कच्चा माल बहुधा खनिज तेलापासून येतो. अंतिम रेणू तोच. म्हणून केवळ कर्क्युमिनचे प्रमाण मोजणारी चाचणी दोहोंत भेद करू शकत नाही. भेद कळतो तो दोन मार्गांनी : भावंडांचा अभाव, आणि कार्बन-१४. जिवंत वनस्पती वातावरणातून हा किरणोत्सर्गी कार्बन घेते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षे असल्याने कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहिलेल्या तेलात तो उरत नाही. चरकाच्या भाषेत बोलायचे तर पहिले द्रव्य औद्भिद, दुसरे पार्थिव. रेणू समान असूनही योनी बदलली.

कायदाविचार

योनीचा प्रश्न कायद्यातही येतो. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या व्रणरोपणातील उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एकस्व (क्रमांक ५४०१५०४) मिळाले. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ लोकव्यवहार पूर्वज्ञान म्हणून ग्राह्य नव्हता. छापील पुरावा लागत असे. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली आक्षेप नोंदविला व ३२ संदर्भ सादर केले. १९९७ साली सर्व दावे फेटाळले गेले. घरोघरच्या आजीबाईंचा अनुभव खराच होता, पण न्याय मिळाला तो लिखित पानांमुळे. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आपल्या एकस्व कायद्यात कलम ३(पी) आले, त्यानुसार पारंपरिक ज्ञान हा नवा शोध ठरत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० प्रमाणे, एखाद्या द्रव्याच्या जागी पूर्णतः वा अंशतः दुसरेच द्रव्य वापरलेले आयुर्वेदीय औषध बनावट ठरते. हरिद्रासत्त्व म्हणून कारखान्यातील कर्क्युमिन भरल्यास उत्पादकावर कोणते संकट येऊ शकते, हे सुज्ञांस सांगणे नलगे. जैवविविधता कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिने नोंदणीकृत वैद्यांना व लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली. मात्र लागवडीच्या वनस्पतींसाठी जैवविविधता व्यवस्थापन समितीचे उत्पत्ति-प्रमाणपत्र अपेक्षित आहे. म्हणजे येथेही विचारणा योनीचीच.

व्यवहारात काय करावे

१. सत्त्व घेताना तिन्ही घटकांचे स्वतंत्र प्रमाण दाखविणारे विश्लेषणपत्र मागावे. भाव संशयास्पद कमी असल्यास कार्बन-१४ चाचणीचा आग्रह धरावा.

२. कच्च्या मालाचे बिल, लागवडीचे ठिकाण व खेप क्रमांक एकाच नोंदवहीत ठेवावेत.

३. चिकित्सेतील स्वानुभव तारखेसह लिहून ठेवावा व शक्य तेव्हा प्रसिद्ध करावा. तोंडी परंपरा आदरणीय खरी, पण वादाच्या वेळी साक्ष देते ती लिखित नोंद.

शोधलेला रेणू वाईट आणि उगवलेला चांगला, असे आमचे म्हणणे नाही. कारखान्यात तयार झालेली अनेक औषधे रुग्णांचे प्राण वाचवितात. आमचे म्हणणे इतकेच की रुग्णाच्या हाती जे द्यावे त्याची योनी वैद्यास ठाऊक असावी आणि वेष्टनावर खरी लिहिलेली असावी. तो परत केलेला डबा पुढे कोणाच्या औषधशाळेत गेला असेल, हा विचार आजही आमच्या मनाला स्वस्थ बसू देत नाही. त्याच वेळी नमुना तपासून अधिकाऱ्यांना कळविणे हे आमचे कर्तव्य होते. ते राहून गेले. वाचकांनी ती चूक करू नये.